आरोपीचे हक्क, घराचा हक्क आणि आपले संविधान

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एक लेख द्या, असे कार्यकारिणीतील बांधवांनी सांगितले. धम्मावर लिहिणारे जाणकार आपल्यात पुष्कळ आहेत, वर पूज्य भन्तेजी आहेत. तेव्हा आम्ही आपल्या कुवतीप्रमाणे संविधानाच्या इतिहासावर लिहायचे ठरवले. आम्ही गिरणी कामगार. साचेखात्यात बदली म्हणून लागलो तेव्हा शिक्षण नववी नापास. पुढे जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, वाचनालयाच्या बाकावर बसून. म्हणून या लेखात वकिली भाषा सापडणार नाही, ती शोधूही नये.

संविधान म्हटले की आपल्या घराघरात राखीव जागा आठवतात, अस्पृश्यता नष्ट करणारे कलम १७ आठवते. आता तर बालवाडीतले पोरसुद्धा प्रास्ताविका म्हणून दाखवते, चांगलेच आहे. पण रात्री दोन वाजता दारावर काठी वाजली आणि "पोरगा कुठाय?" असा आवाज आला, तर कोणते कलम आठवायचे? किंवा सकाळी पालिकेची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली, तर कोणते? ती कलमे २०, २१, २२ आणि ३००-अ. पहिली तीन आरोपीच्या बाजूची, शेवटचे मालमत्तेच्या बाजूचे. यावर वस्तीत बोलायला गेले की दोन उत्तरे ठरलेली मिळतात. एक म्हणतो, आरोपीचे हक्क म्हणजे गुंडांचे लाड. दुसरा म्हणतो, मालमत्ता शेठजींची, आपल्याला काय त्याचे? या दोन्ही उत्तरांना इतिहासाचा आधार नाही, एवढेच आम्हाला दाखवायचे आहे.

आपल्या देशात माणूस गुन्हा करून आरोपी होत होता तसा जन्म घेऊनही होत होता. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुरुवातीला तो उत्तरेत होता, १९११ च्या नव्या कायद्याने तो आपल्या मुंबई इलाख्यातही आला. जमातीचे नाव सरकारी यादीत गेले की त्या जमातीत जन्मलेले पोर आपोआप संशयित. पोलीस पाटलाकडे हजेरी, गाव सोडायचे तर परवाना. पुढे तारेच्या कुंपणातल्या वसाहती आल्या, त्यांना आपल्याकडे सेटलमेंट म्हणतात. सोलापूरची सेटलमेंट त्यातली मोठी. तिथल्या कैकाडी, पारधी, माकडवाले, भामटा वगैरे लोकांना कुंपणातून काढून सोलापूरच्या कापड गिरण्यांत कामाला नेत आणि पाळी झाली की परत कुंपणात आणत. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण गिरणी कामगारांच्या इतिहासाच्या पुस्तकांत संप, मोर्चे, युनियन सगळे असते, पण हजेरी देऊन साच्यावर उभा राहणारा हा कामगार फारसा भेटत नाही. त्याच्यावर आरोप काय होता? कोणताच नाही. खटला झाला होता का? नाही. आणि सुटका कधी? तिला तारीख नव्हती.

२६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झाले तरी ही तार तशीच होती. तो कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणून भटके-विमुक्त बांधव तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. कायदा गेला पण पाठोपाठ राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आपल्या मुंबई राज्याचा १९५९ सालचा. यादी गेली, नजर राहिली! तुरुंगांच्या नियमावल्यांत तर सफाई कोणत्या जातीने करायची आणि स्वयंपाक कोणत्या जातीने करायचा हे लिहिलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते नियम घटनाबाह्य ठरवले ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, आणि विमुक्त जमातींना जन्माने सराईत गुन्हेगार समजू नका असेही त्याच निकालात बजावले. संविधान लागू झाल्यानंतर ७४ वर्षांनी.

आता मालमत्तेकडे वळू. मालमत्तेचा हक्क आमच्याविरुद्ध कसा वापरला गेला हे महाडात दिसले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी परिषद भरणार म्हटल्यावर काही सवर्ण मंडळी दिवाणी कोर्टात गेली. दावा काय, तर तळे स्पृश्यांच्या मालकीचे आणि वहिवाटीचे आहे, तिथे अस्पृश्यांना हक्क नाही. कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. हजारो लोक महाडात जमलेले, डोकी तापलेली. पण बाबासाहेबांनी कोर्टाचा हुकूम मोडू दिला नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले, तळ्यावरचा सत्याग्रह मात्र तहकूब झाला. पुढे खटला चालत राहिला तो १७ मार्च १९३७ पर्यंत. त्या दिवशी मुंबई हायकोर्टाने सवर्णांची ती वहिवाट मान्य करायला नकार दिला. पाण्याच्या ओंजळीसाठी दहा वर्षे कोर्टात! तरुणांना हा सबुरीचा भाग आवडत नाही, आम्हालाही तरुणपणी आवडत नव्हता. पण कायद्याने ठरवून दिलेल्या पद्धतीने जाणे म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी संविधान लिहिण्याच्या वीस वर्षे आधी स्वतः प्रतिवादी होऊन दाखवले होते.

आणि आमची स्वतःची मालमत्ता? महार वतन. नाव मोठे, पण त्या इनाम तुकड्याच्या बदल्यात सगळ्या घराने चोवीस तास सरकारची आणि गावाची वेठ करायची. जमीन आपली असून माणूस गुलाम. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले, ते त्या वेळी निभावले नाही. वतने गेली १९५८ च्या कायद्याने. जमिनी मूळ वतनदारांना सरकारी रक्कम भरून परत मिळायच्या होत्या आणि कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येणार नव्हत्या. ज्यांनी रक्कम भरली नाही, ज्यांना कागद वाचता आला नाही, ज्यांचे सगळे घर मुंबईत गिरणीत आले होते, त्यांच्या जमिनींचे काय झाले हे प्रत्येकाने आपल्या गावच्या तलाठ्याकडे सातबारा मागून बघावे.

थोडे अमेरिकेत जाऊन येऊ, कारण आपल्या कलम २१ चा धागा तिकडून आला आहे. अमेरिकेच्या संविधानाची पाचवी दुरुस्ती १७९१ सालची. तिच्यात आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावू नये, एकाच गुन्ह्यासाठी दोनदा धोक्यात घालू नये हेही आहे, आणि रीतसर न्याय्य प्रक्रियेशिवाय कुणाचे जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता घेऊ नये, सार्वजनिक कामासाठी मालमत्ता घेतली तर योग्य मोबदला द्यावा हेही आहे. आरोपी आणि मालक एकाच कलमात. वाचायला फार सुंदर. पण १८५७ साली ड्रेड स्कॉट नावाच्या गुलामाने आपल्या स्वातंत्र्यासाठी केलेला दावा तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा मुख्य न्यायमूर्ती टॅनी यांनी हीच दुरुस्ती गुलामाच्या मालकाच्या बाजूने वाचली. गुलाम ही मालकाची मालमत्ता, ती कायद्याने हिरावता येत नाही! ज्या शब्दांनी माणसाचे रक्षण व्हायचे त्याच शब्दांनी माणूस वस्तू ठरला. पुढे विसाव्या शतकातही कामाचे तास, किमान वेतन अशा मजुरांच्या बाजूच्या अनेक कायद्यांवर त्या 'न्याय्य प्रक्रिये'च्या नावाने तिथल्या न्यायालयांनी फुली मारली. आम्हा कामगारांना हे विसरून चालणार नाही.

आपल्या घटना समितीत १९४७ साली जो पहिला मजकूर आला त्यात हेच अमेरिकन शब्द होते. मालमत्ता मात्र तिथून आधीच वगळली होती. घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेला गेले. तिथे न्या. फ्रँकफर्टर यांनी त्यांना सांगितले की, या शब्दांमुळे निवडून आलेल्या कायदेमंडळावर मूठभर न्यायाधीशांचा वरचष्मा होतो. मसुदा समितीने मग शब्द बदलले. 'न्याय्य प्रक्रिया' गेली आणि जपानच्या संविधानासारखी 'कायद्याने प्रस्थापित केलेली पद्धत' आली. फरक बारीक दिसतो, पण आहे मोठा. पहिल्या शब्दांत कोर्ट विचारते, कायदा न्याय्य आहे का? दुसऱ्या शब्दांत कोर्ट एवढेच विचारते, कायदा आहे का?

घटना समितीत यावर खडाजंगी झाली. सभागृहात बसलेले कितीतरी सभासद स्वतः तुरुंग भोगून आलेले. मध्यप्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी जुने शब्द परत आणा अशी दुरुस्ती मांडली. त्यांनीच आणखी एक दुरुस्ती सुचवली होती की विनाकारण घरझडती आणि जप्तीपासूनही नागरिकाला संरक्षण असावे. ती स्वीकारण्याची बाबासाहेबांची तयारी होती, पण सभागृहात ती शेवटी मंजूर झाली नाही. आज पोलीस घरातले पत्र्याचे ट्रंक उलटेपालटे करतात तेव्हा त्या न झालेल्या दुरुस्तीची आठवण येते. कलम २१ च्या शब्दांबद्दल बाबासाहेबांनी १३ डिसेंबर १९४८ रोजी दोन्ही बाजू मांडल्या. कायदेमंडळात बसलेला बहुमतवाला पक्षही अन्याय्य कायदा करू शकतो आणि पाच-सहा न्यायाधीशही आपल्या मनाचे पूर्वग्रह कायद्यावर लादू शकतात, तेव्हा निर्णय सभागृहानेच करावा, असे त्यांनी सांगितले. सभागृहाने मसुद्याचे शब्द ठेवले.

इथे गोष्ट संपली असती. बाबासाहेबांचे समाधान मात्र झाले नव्हते. १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी एक नवे कलम आणले, तेच आजचे कलम २२. पूर्वीच्या कलमाने जे हातचे गेले त्याची ही भरपाई आहे, असे त्यांनी उघडपणे सांगितले. अटकेचे कारण लवकरात लवकर सांगायचे, आपल्या पसंतीच्या वकिलाशी बोलू द्यायचे, प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायचे. कोणी म्हणाले, हे तर फौजदारी संहितेत आहेच की. त्यावर त्यांचे उत्तर बिनतोड होते. संहितेतले कलम उद्या कोणतेही कायदेमंडळ काढून टाकील, संविधानात घातल्यावर त्याला हात लावता येणार नाही. पण त्याच कलमाच्या उत्तरार्धात प्रतिबंधक स्थानबद्धता आली. गुन्हा केला म्हणून नव्हे, करील म्हणून आत. त्याला हे चोवीस तास लागू नाहीत. बक्षी टेकचंद, पंडित ठाकूरदास भार्गव यांनी त्यावर कडाडून टीका केली. ती टीका खरी होती असे आमचे मत आहे, आणि बाबासाहेबांनी ज्या काळात, ज्या बहुमतापुढे हे कलम आणले ते पाहता पदरात पडले तेही थोडे नव्हते, असेही आमचे मत आहे.

मालमत्तेच्या कलम ३१ बद्दल तर बाबासाहेबांनी हात झटकले होते. मार्च १९५५ मध्ये राज्यसभेत त्यांनी स्पष्ट सांगितले की ते कलम मसुदा समितीचे नाही. काँग्रेस पक्षात त्या वेळी नेहरू, पटेल आणि पंत अशी तीन मते होती, त्यांच्या तडजोडीतून ते निघाले. त्यांचे स्वतःचे मत १९४७ च्या निवेदनात आहे. शेतजमीन आणि मूळ उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत, पण मालकांना कर्जरोख्यांच्या रूपाने मोबदला द्यावा. म्हणजे जमीन घ्या, लुटू नका. कलम ३१ लागू होताच जमीनदार कोर्टात गेले. मार्च १९५१ मध्ये पाटणा हायकोर्टाने बिहारचा जमीनसुधारणा कायदा रद्द केला आणि त्याच जूनमध्ये पहिली घटनादुरुस्ती करावी लागली. तिथून पुढे पंचवीस-तीस वर्षे मालमत्तेवरून संसद आणि सर्वोच्च न्यायालय यांची जी कुस्ती चालली, चौथी दुरुस्ती, पंचविसावी दुरुस्ती, १९७३ चा केशवानंद भारती खटला, ती सगळी सांगत बसलो तर ही स्मरणिका पुरायची नाही.

आरोपीच्या बाजूचा हिशेब मात्र वाईट सुरू झाला. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन मद्रासच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. त्यांच्या अर्जावर मे १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने सांगितले की कायदा आहे ना, मग झाले. तो न्याय्य आहे की नाही हे कलम २१ खाली आम्ही बघणार नाही. न्या. फजल अली यांनी वेगळे मत दिले. त्या निकालाचा शेवट कुठे झाला? आणीबाणीत. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचपैकी चार न्यायमूर्ती म्हणाले की कलम २१ स्थगित असताना बेकायदा अटकेविरुद्धही हायकोर्टात दाद मागता येत नाही. एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले आणि त्यांना सरन्यायाधीशपद मिळाले नाही.

आणीबाणी गेली आणि १९७८ उजाडले. हे साल पाठ करून ठेवण्यासारखे आहे. जानेवारीत मनेका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कायद्याची पद्धत न्याय्य, वाजवी आणि योग्यच असली पाहिजे, लहरी असून चालणार नाही. म्हणजे १९४८ साली पुढच्या दाराने घालवलेले शब्द तीस वर्षांनी मागच्या दाराने घरात आले! आणि त्याच वर्षी जनता सरकारने ४४ वी घटनादुरुस्ती केली. तिने दोन कामे एकदम केली. आणीबाणीतही कलम २० आणि २१ स्थगित करता येणार नाहीत, ही आरोपीची बाजू भक्कम झाली. आणि मालमत्तेचा मूलभूत हक्क रद्द झाला. २० जून १९७९ पासून कलम ३१ गेले आणि त्याच्या पहिल्या पोटकलमातले वाक्य कलम ३००-अ म्हणून दुसऱ्या भागात जाऊन बसले, की कायद्याच्या अधिकाराशिवाय कुणाचीही मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. आता मालमत्तेसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येत नाही, हायकोर्टात जाता येते. याच दुरुस्तीत स्थानबद्धतेची मुदत कमी करणारे, सल्लागार मंडळ हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने नेमायला सांगणारेही एक कलम होते. संसदेने ते मंजूर केले, पण ते लागू करण्याची तारीख कोणत्याही सरकारने काढली नाही. जनताने नाही, काँग्रेसने नाही, नंतर आलेल्यांनीही नाही.

कागदावरचे चोवीस तास वस्तीत कसे मोजतात ते सांगतो. आमच्या चाळीतल्या एका पोराला शुक्रवारी संध्याकाळी एका ठाण्यात 'चौकशीला' नेले. त्याची आई दोन दिवस बाकड्यावर बसून. सोमवारी सकाळी 'अटक दाखवली'. म्हणजे चोवीस तास सुरू झाले सोमवारी! हा शब्द नीट बघा, अटक 'केली' नव्हे, 'दाखवली'. नेमकी ही लबाडी बंद करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बासू प्रकरणात डिसेंबर १९९६ मध्ये नियम घालून दिले. अटकेचा पंचनामा जागेवर, वेळ-तारखेसह, त्यावर घरच्या किंवा वस्तीतल्या साक्षीदाराची सही, अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पाटी, नातेवाइकाला कळवणे, कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. पुढे यातले बरेच कायद्यातही आले, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. आणि ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका प्रकरणात सांगितले की अटकेची कारणे लेखी द्यावीत, आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यावीत. हा निकाल देणाऱ्या खंडपीठावर तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई होते, दिवंगत दादासाहेब गवई यांचे चिरंजीव. आपल्या समाजातून त्या खुर्चीपर्यंत गेलेल्या माणसाच्या हातून हे झाले, त्याचा आनंद आम्ही लपवत नाही.

पण चॅप्टर केस, तडीपारी आणि एमपीडीए ही आपल्या वस्त्यांत घरोघर माहीत असलेली नावे आहेत. १९५१ च्या पोलीस कायद्याने माणूस दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर, १९८१ च्या एमपीडीए कायद्याने वर्षभर स्थानबद्ध. खटला नाही, साक्षीपुरावा नाही. खऱ्या दादाला हे लागते तसे मोर्चाच्या पुढे चालणाऱ्यालाही लावता येते. आणि ज्यांच्यावर खटला आहे त्यांचे तरी काय? २०२२ च्या सरकारी आकड्यांप्रमाणे देशातल्या तुरुंगांत १०० कैद्यांमागे ७६ जण कच्चे कैदी होते, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेले. जामीन मिळूनही जातमुचलक्याचे पैसे नाहीत म्हणून आत बसलेले त्यात आहेत. आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क १९७९ पासून न्यायालयाने मान्य केला आहे. मॅजिस्ट्रेटपुढे उभे राहिल्यावर "वकील पाहिजे" एवढे मोठ्याने म्हणायला हवे.

परभणीत १० डिसेंबर २०२४ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशी बंदला हिंसक वळण लागले आणि पोलिसांनी धरपकड केली. त्यात पकडलेला कायद्याचा एक विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. तो वडार समाजाचा, ज्या भटक्या-विमुक्तांची गोष्ट वर सांगितली त्यांच्यातलाच. त्याच्या आईने गुन्हा नोंदवा म्हणून हायकोर्टात धाव घेतली, बाळासाहेब आंबेडकर तिच्या बाजूने उभे राहिले. जुलै २०२५ मध्ये हायकोर्टाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला. संविधानासाठी रस्त्यावर आलेल्या गर्दीतून पकडलेल्या पोरासाठी नुसता गुन्हा नोंदवायला सात महिने!

इथे एक अवघड प्रश्न कार्यकर्ते विचारतात. ॲट्रॉसिटीच्या आरोपीलाही हे सगळे हक्क द्यायचे का? खैरलांजीच्या आरोपींनाही? आमचे उत्तर, होय. वकील, चोवीस तास, सक्तीच्या कबुलीपासून संरक्षण हे त्यालाही आहे, आणि त्याला दिल्यानेच आपल्याला मागता येते. अटकपूर्व जामीन ही वेगळी गोष्ट. तो संविधानाने दिलेला हक्क नाही, कायद्याने दिलेली सवलत आहे, आणि १९८९ च्या कायद्याने ती काढून घेतली ती योग्यच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली म्हटले आहे. मार्च २०१८ च्या निकालाने हा कायदा पातळ केला तेव्हा २ एप्रिलला भारत बंद झाला, ऑगस्टात संसदेने तो पुन्हा घट्ट केला. ती लढाई आरोपीच्या हक्कांविरुद्ध नव्हती. तक्रार लिहून घेण्याआधीच तक्रारदारावर संशय घ्यायचा, त्याविरुद्ध होती.

आता घराकडे. १९८१ च्या जुलैत, भर पावसात, मुंबईतल्या फुटपाथवाल्यांना उचलून गावाला पाठवण्याचा हुकूम निघाला. त्यावरचा निकाल १० जुलै १९८५ चा. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि झोपडी काढण्यापूर्वी सर्वसाधारणपणे नोटीस देऊन म्हणणे ऐकले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. आणि पावसाळा संपल्यावर झोपड्या काढायला परवानगीही दिली. तत्त्व मिळाले, झोपडी गेली. दुसरी गोष्ट आपल्यासारख्या सेसच्या चाळींची. १९८६ साली म्हाडा कायद्यात दुरुस्ती झाली. ७० टक्के रहिवाशांनी सोसायटी करून मागणी केली तर सरकारने जुनी इमारत ताब्यात घ्यावी आणि मालकाला महिन्याच्या भाड्याच्या शंभर पट रक्कम द्यावी. घरमालक संघटना कोर्टात गेल्या. १९९१ मध्ये हायकोर्टात हरल्या, मग सर्वोच्च न्यायालयात. तिथे नऊ न्यायमूर्तींनी ५ नोव्हेंबर २०२४ रोजी ठरवले की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती मानता येणार नाही. काही मानता येतील, पण सरसकट नाही. भाडेकरू म्हणून हा निकाल आम्हाला टोचला. पण आपल्यातल्या कितीकांनी आता डोंबिवली-बदलापूरला कर्ज काढून खोली घेतली आहे, त्यांनी तो दुसऱ्या बाजूने वाचावा. हिमाचल प्रदेशातील एका ऐंशी वर्षांच्या निरक्षर विधवेची जमीन १९६७-६८ साली रस्त्यासाठी कसलीही प्रक्रिया न करता सरकारने घेतली होती. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तिला भरपाई देववली. कलम ३००-अ असे शेठजींचेच नसते.

आणि मग बुलडोझर आला. गेल्या काही वर्षांत काही राज्यांत नवी रीत पडली. माणसावर गुन्हा नोंदला की दुसऱ्या दिवशी त्याचे घर अनधिकृत ठरवून पाडायचे. आरोपी एक, घरात म्हातारे आईबाप, बायको, शाळेतली पोरे, शिक्षा सगळ्यांना. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्या. गवई आणि न्या. विश्वनाथन यांनी यावर निकाल दिला. आरोपी आहे किंवा दोषी आहे एवढ्याच कारणाने घर पाडता येणार नाही. पंधरा दिवसांची नोटीस रजिस्टर पोस्टाने आणि घरावर चिकटवून, समक्ष सुनावणी, कारणांसह हुकूम, हुकमानंतर पुन्हा पंधरा दिवसांची मुदत, पाडकामाचे चित्रीकरण. नियम मोडले तर अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाई. घटना समितीत वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वादांत चर्चिलेली दोन संरक्षणे, आरोपीचे आणि मालमत्तेचे, इथे एकाच निकालात आली.

मात्र निकाल पुरता वाचावा. रस्ता, फुटपाथ, रेल्वे रूळ, नदी-नाले यांना लागून असलेल्या अनधिकृत बांधकामांना हे नियम लागू नाहीत असे त्यातच लिहिले आहे. म्हणजे रुळाच्या कडेला आणि नाल्याच्या काठावर राहणारे आपले बांधव यातून बाहेर राहिले. त्यांच्या हातात अजून १९८५ चाच निकाल आणि आपल्या राज्याचा झोपडपट्टी कायदा आहे. त्या कायद्यात १ जानेवारी २००० पूर्वीची झोपडी संरक्षित धरतात, पण ती तारीख सिद्ध करायला कागद लागतो. जुना फोटोपास, मतदार यादीचा उतारा, लाइट बिल, रेशनकार्ड, जे असेल ते. गेल्या पावसाळ्यात नाल्याचे पाणी शिरले तेव्हा कितीतरी घरांतले हे कागद भिजून गेले. ज्यांचे उरले आहेत त्यांनी त्यांच्या झेरॉक्स काढून एक संच दुसऱ्याच्या घरी, उंचावर ठेवावा.